तालुक्यातला बेसिक डिझाईनचा क्लास: पहिला महिना सोन्यासारखा, किट मात्र घेऊ नका

आधीच सांगून ठेवते, क्लासचं नाव टाकणार नाही, कारण खाली थोडी तक्रार पण आहे आणि गाव लहान आहे, सर दर बाजाराच्या दिवशी भाजी घेताना समोर येतात. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, रिटायर्ड ड्रॉइंग सरांचं घर, वरच्या माळ्यावर टिनाचं शेड, तिथं दर रविवारी सकाळी १० ते दुपारी २. तीन महिने, म्हणजे बारा रविवार. फी २४०० आणि किटचे ८५० वेगळे. आमच्या बॅचमध्ये आम्ही १४ जण होतो, त्यातले अर्धे बारावी झालेले आणि बीएफएची (चित्रकलेच्या डिग्रीची) सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यायचा विचार करून राहिलेले, दोन-तीन नववीतली इंटरमिजिएटवाली (शाळेतल्या सरकारी ड्रॉइंग परीक्षेची) पोरं आणि एक ताई होत्या ज्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, त्यांना गळ्याच्या डिझाईनसाठी शिकायचं होतं. (सगळ्यात पुढं त्याच गेल्या, पण ते नंतर.)

मी स्वतः माझ्या गावाहून १६ किलोमीटर एसटीनं यायची. लेडीज हाफ तिकीट असल्यामुळे परवडलं, नाहीतर बाबांनी पहिल्याच आठवड्यात बंद केलं असतं. त्यांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच, "रांगोळीचंच त काम हाय थे, थे शिकाले पैसे कायले भराचे?" मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं.

माझी तयारी म्हणाल तर नववीत इंटरमिजिएट दिली होती, बी ग्रेड आली, त्याचे दहावीला ५ मार्क मिळाले, खुश होते मी. पण खरं सांगते संकल्पचित्राचा, म्हणजे डिझाईनचा, पेपर मी सरळ पाठ करून दिला होता. कमळ, दोन पोपट, कोपऱ्यात कोयऱ्या, मागं निळं. चौकोन दिला तरी तेच, गोल दिला तरी तेच, फक्त कोयरी वाकवायची. आमच्या शाळेत सगळ्यांनी तेच केलं होतं, आणि एक पोट्टा तर पोपटाचा ट्रेस कंपासमध्ये घेऊन गेला होता. डिझाईन म्हणजे रिकामी जागा दिसली की भरायची, असंच डोक्यात बसलं होतं.

पहिल्या रविवारी मी १२ रंगांचा डबा घेऊन ऐटीत गेले. सरांनी सगळ्यांचे रंग एका टेबलावर ठेवायला लावले आणि म्हणाले, हे आता महिनाभर इथंच राहतीन. मग काळा घोटीव कागद वाटला, त्यातून एकाच मापाचे चार चौकोन कापायचे, आणि १५ सेंटिमीटरच्या पांढऱ्या चौकटीत ते असे ठेवायचे की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे "हे पडून राहिलं". मग तेच चार चौकोन असे ठेवायचे की "हे गर्दीत अडकलंय". मग "एकटा पडलाय". चिकटवायचं नाही, नुसते सरकवायचे. मला पहिला अर्धा तास वाटलं आपण पैसे भरून बालवाडीत आलो. आणि मग काय झालं माहिती नाही, शेवटचा चौकोन मी चौकटीच्या कडेला सरकवत होते आणि एका जागी तो असा वाटला की आत्ता खाली पडेल, अगदी पोटात गोळा आल्यासारखं झालं, आणि तिथून दोन मिलिमीटर आत घेतला की काहीच नाही, नुसता कागदाचा तुकडा. सर मागं उभे होते ते काहीच बोलले नाहीत, पुढं गेले.

त्यांनी नंतर सांगितलं की जर्मनीत वायमार गावी १९१९ साली बाउहाउस नावाची शाळा निघाली, तिथं इटेन म्हणून शिक्षक होते, ते नवीन पोरांकडून आधी असेच अभ्यास करून घ्यायचे, उजेड-अंधार, खरखरीत-गुळगुळीत, लहान-मोठं. बस एवढंच, इतिहासाचं लेक्चर झाडलं नाही, बरं केलं.

आता ग्रे स्केल. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी, नऊ चौकोन ओळीत, एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला काळा, मधले सात राखाडी, आणि प्रत्येक पायरी सारख्या उंचीची वाटली पाहिजे. ऐकायला सोपं. मी सात वेळा केली. पहिल्यांदा चूक केली ती सगळेच करतात, काळ्यात पांढरा टाकत गेले. काळा इतका जबरा असतो की अर्धी पांढरी बाटली संपली तरी तो नुसता मिशीतल्या मिशीत हसतो. पांढऱ्यात काळा घ्यायचा, आणि तो पण ब्रशच्या टोकानं, दुधात विरजण लावतो तेवढा. दुसरी गोष्ट, पोस्टर कलर ओला असताना वेगळा दिसतो आणि वाळला की बदलतो, फिके असतात ते वाळून थोडे गडद होतात आणि गडद असतात ते थोडे फिके पडतात. म्हणजे ओल्यावर मॅच केलं की वाळल्यावर हमखास फसणार. म्हणून आधी वेगळ्या तुकड्यावर ठिपका लावून वाळवायचा आणि मग बघायचं. मी घरी रात्री करायची तर लाईट जायची, मोबाईलच्या टॉर्चमध्ये केलेली पायरी सकाळी उन्हात भलतीच निघायची, दिवसाच करा.

पाण्याचं प्रमाण हा अजून एक ताप. सर एवढंच म्हणायचे, "ताकासारखा नको, दह्यासारखा नको, कढीसारखा." हसू नका, याच्यापेक्षा चांगलं मला कुणी सांगितलं नाही. पातळ केला की डाग-डाग दिसतो, जाड थापला की वाळल्यावर भेगा पडतात आणि शीट गोल केली की पापुद्रे निघतात. आधी बारीक ब्रशनं कड बांधून घ्यायची, मग चपट्या ब्रशनं एकाच दिशेनं, कड ओली आहे तोवर पुढं जायचं, आणि शेजारचा रंग पहिला पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही, कारण हा रंग पाण्यानं परत विरघळतो, वाळला म्हणजे पक्का झाला असं नसतं.

तर चौथ्या रविवारी जे झालं त्याच्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. होमवर्क होता, घरात एखादी अशी वस्तू शोधा जिच्यावर एकच आकार परत परत आलाय, आणि ती आणा. कुणी चादर आणली, कुणी खिडकीची जाळी मोबाईलमध्ये काढून आणली. मी आजीच्या ट्रंकेतलं टसरचं करवती लुगडं मागितलं. आता करवत काठ आपल्याकडं सगळ्यांच्या घरी कुठंतरी असतोच, भंडारा-नागपूरकडं विणतात, काठाला करवतीसारखे दाते असतात म्हणून करवती, त्याला जीआय टॅग पण मिळालाय. आजी द्यायला तयार नव्हती. "लगनातलं हाय, तुया रंगाचे हात लावशीन त पाह्यजो." शेवटी उशीच्या खोळीत घालून, मांडीवर धरून एसटीत आणलं.

सरांनी काठ टेबलावर पसरला, हात धुवून आले, आणि मला म्हणाले काढ. मी दाते काढले, त्रिकोण, त्रिकोण, त्रिकोण, स्केल लावून एकदम टापटीप. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "पोरी, दाते त काढले तू. मधातले कोण काढन?" मला कळेचना. त्यांनी पेन्सिलचं मागचं टोक दोन दातांच्या मधल्या जागेवर ठेवलं. तिथं टसरचा तो मधासारखा रंग होता, आणि तो पण त्रिकोणच होता, उलटा. लाल दाते वर चाललेत आणि टसरचे दाते खाली येऊन राहिलेत, दोघं एकमेकांत बसलेत, कोणता काठ आणि कोणतं अंग हे सांगताच येत नव्हतं. माझ्या चित्रात मी दात्यांच्या बुडाशी थोडी थोडी जागा सोडली होती, त्याच्यामुळे माझे नुसते त्रिकोण रांगेत उभे होते, शाळेच्या प्रार्थनेसारखे. लुगड्यावर ते चालत होते.

मी आजीला लहानपणापासून सणावाराला त्या लुगड्यात बघितलंय, आणि ती रिकामी जागा मला एकदाही दिसली नव्हती. मग सरांनी भिंगातून दाखवलं, विणणाऱ्यानं दाता तिरप्या रेषेत काढलेलाच नाही, ताण्या-बाण्यात तिरपी रेषा तशी येत नाही, तो पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढतो, जिना असतो तसा, लांबून तिरपा वाटतो. ब्लाऊजवाल्या ताई लगेच म्हणाल्या की क्रॉसस्टिचमध्ये पण असंच करावं लागते. त्या दिवशी क्लास चारला सुटला, माझी एसटी गेली, पुढची साडेपाचला. घरी गेल्यावर बाबांना उत्तर द्यायचं होतं पण आजीनं आधी लुगड्याची घडी तपासली, आणि मग मलाच विचारलं, "का म्हणे मास्तर?" मी तिला मधले त्रिकोण दाखवले. ती म्हणाली, "हो मंग. थे नसतीन त दाते कायचे?" म्हणजे तिला माहीतच होतं.

त्यानंतर माझं कमळ-पोपट बंद झालं. जे काढते त्याच्या आधी उरलेली जागा बघते.

आता तक्रारीकडं येते. किट.

सर स्वतः विकत नाहीत, तिथलाच एक दुकानदार देतो, पण क्लासच्या यादीत नाव आहे म्हणून सगळे घेतात. ८५० मध्ये सहा बाटल्या, तीन ब्रश, पॅलेट, दहा शीट, पेन्सिली. बाटल्यांवर धड नाव नाही, नुसतं लाल, निळा, पिवळा. पांढरी बाटली अर्ध्या जणांची वाळून खडा झालेली निघाली. ब्रशचे केस रंगात राहायचे आणि वाळल्यावर मिशी फुटल्यासारखे दिसायचे. पण हे चाललं असतं, खरा घोळ लाल रंगानं केला. दुसऱ्या महिन्यात रंगचक्र सुरू झालं, बारा घरांचं, लाल-पिवळा-निळा मूळ, मग नारिंगी-हिरवा-जांभळा, मग मधले सहा. आमच्या सगळ्या बॅचचं जांभळं मातकट येऊन राहिलं, वांगं भाजल्यावर आतून असतं तसं. मी तीन शीट वाया घालवल्या, मला वाटलं मलाच जमत नाही. सर बघायला आले, बाटली उन्हात धरली आणि म्हणाले, हा लाल शेंदरी आहे. शेंदरी लालमध्ये मुळातच पिवळ्याकडं झुकाव असतो, त्यात निळा घातला म्हणजे तिन्ही मूळ रंग एकत्र आले, मग चिखलच होणार. जांभळ्यासाठी क्रिमसन लागतो, तो गुलाबीकडं झुकतो, आणि अल्ट्रामरीन निळा. आणि नारिंगी करायची तर उलट, तिथं हाच शेंदरी छान. म्हणजे दोन लाल लागतात, किटमध्ये एकच, आणि तो पण नाव न लिहिलेला.

सरांना हे माहिती होतं, मग यादीत ते किट कशाला ठेवलं? मी विचारलं. म्हणाले दुकानदार जुना ओळखीचा आहे, दुसरं कुणी इथं माल ठेवत नाही. बरोबर असेल, पण १४ जणांचे ८५० आणि वर वाया गेलेली शीट आमच्या खिशातून, मला पटलं नाही.

त्यापेक्षा सुटं घ्या. कॅमलचे पोस्टर कलर तालुक्याला कुठल्याही बऱ्या बुकडेपोत सुटे मिळतात. पांढरी मोठी बाटली घ्या, तीच आधी संपते. काळा, क्रिमसन, शेंदरी, लेमन यलो, अल्ट्रामरीन एक-एक लहान, झालं, हिरवा आणि तपकिरी विकत घेऊच नका, बनवायला शिका. ब्रश मात्र नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) आणा किंवा कुणी तिकडं जात असेल त्याला सांगा, गोल २ नंबर आणि ६ नंबर आणि एक अर्ध्या इंचाचा चपटा. पॅलेटच्या ऐवजी पांढरी चिनीमातीची बशी. पेन्सिल एचबी आणि ४बी पुरे. इम्पीरियल शीट २२ बाय ३० इंची असते, तिचे चार तुकडे केले की क्वार्टर होतात, प्रॅक्टिसला तेवढं साइज बरोबर आहे. माझं दुसऱ्यांदा सगळं मिळून ४०० च्या आत झालं, ब्रश धरून.

रंगाचा महिना तसा चांगला गेला, पहिल्यासारखा नाही पण चांगला. एक प्रयोग सांगते, घरी करून बघा, एकाच राखाडी पट्टीचे दोन तुकडे कापा, एक पिवळ्या कागदावर ठेवा आणि एक जांभळ्या कागदावर. पिवळ्यावरची पट्टी निळसर दिसायला लागते आणि जांभळ्यावरची पिवळट. मी तुकडे उचलून परत शेजारी ठेवले, सारखेच. परत ठेवले, परत वेगळे. सरांनी गोष्ट सांगितली ती मस्त होती, पॅरिसला गोब्लँ म्हणून गालिचे-पडदे विणायचा सरकारी कारखाना होता, तिथं रंगाई खात्याचे प्रमुख शेव्रल म्हणून केमिस्ट होते, त्यांच्याकडं तक्रार आली की तुमचा काळा धागा फिका दिसतो. त्यांनी रंग तपासला तर काळा ठीक होता, घोळ शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता. त्यावरून त्यांनी १८३९ साली आख्खं पुस्तक लिहिलं. हे ऐकून ब्लाऊजवाल्या ताई उठून उभ्या राहिल्या, म्हणाल्या गिऱ्हाईक माझ्याशी भांडते की दुकानात अस्तर बरोबर दिसत होतं आणि साडीवर धरलं की वेगळं दिसते, मी काय मुद्दाम बदललं का! त्या आता अस्तर साडीवर ठेवूनच दाखवतात. आपल्याकडं तूर हिरवीगार असताना निंदणाऱ्या बायांमध्ये लाल लुगडं एक किलोमीटरवरून उठून दिसतं, ते का, ते मला आत्ता कळलं, लाल आणि हिरवा चक्रात समोरासमोर बसतात.

अक्षरलेखन दोनच रविवार, कमी पडलं. पण एक गोष्ट कामाची मिळाली, दोन अक्षरांमधली जागा स्केलनं मोजायची नाही, डोळ्यानं मोजायची. ग, ण, श यांचा काना सुटा असतो, त्यामुळे अक्षराच्या पोटातच एक फट असते, बाहेर पण तेवढीच फट ठेवली तर "गणेश" वाचताना काना शेजारच्या अक्षराला चिकटल्यासारखा वाटतो. ट-ठ-ढ गोल, त्यांना जरा जवळ घ्यावं लागतं. परत तीच रिकामी जागा, आजीच्या काठातली. सरांनी आम्हाला चौकात नेऊन कृषी केंद्राचा जुना हातानं रंगवलेला बोर्ड आणि त्याच्या वरचा नवीन फ्लेक्स दोन्ही बघायला लावले, रस्त्याच्या पलीकडून. जुना वाचता येत होता. फ्लेक्सवर मालकाचा फोटो दिसत होता.

तिसरा महिना, "डिजिटल डिझाईन". हा भाग सोडूनच द्या. एक कॉम्प्युटर, १४ जण, शिकवायला फ्लेक्सच्या दुकानातला एक मुलगा येतो, तो बिचारा चांगला आहे पण कोरलड्रॉमध्ये सावली कशी द्यायची आणि नावाला सोनेरी ग्रेडियंट कसा मारायचा एवढंच. माझा नंबर चार रविवारात मिळून ४० मिनिटं लागला असेल. एकच उपयोगाचं त्यानं सांगितलं, स्क्रीनवरचा पोपटी कधी छापून तसाच येत नाही, कारण स्क्रीन उजेडाचे रंग मिसळते आणि मशीन शाईचे, म्हणून आधी फाईल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांत, बदलून बघायची. बाकी ज्याला शिकायचं त्यानं इंकस्केप नावाचं डिझाईनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते टाकावं, "मुक्त" नावाचा फॉन्ट पण फुकट आहे, देवनागरीला चांगला दिसतो, आणि घरी बसून करावं. सरांना मी म्हटलं की हा महिना काढून टाका आणि अक्षरलेखन वाढवा, तर म्हणाले "पालक विचारतात ना कॉम्प्युटर आहे का म्हणून."

सीईटीवाल्यांसाठी, बीएफएच्या सीईटीत वस्तुचित्र, डिझाईन आणि स्मृतिचित्र असे प्रॅक्टिकल असतात आणि वर जनरल नॉलेज. या क्लासमध्ये फक्त डिझाईनची तयारी होते, बाकीचं बघत नाहीत, सर ते पहिल्याच दिवशी सांगतात, फसवत नाहीत. वेळ लावून पेपर सोडवून घेत नाहीत ही मोठी उणीव आहे, मी घरी घड्याळ लावून केला तर वेळ संपला तेव्हा माझी नुसती पेन्सिल झाली होती. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात नंबर लागावा म्हणून मी बसून राहिले आहे, लागला की सांगते.

सोयी म्हणाल तर टिनाचं शेड एप्रिलमध्ये भट्टी होते, रंग बशीतच वाळतो, ओला रुमाल झाकून ठेवा. बसायला सतरंजी, ड्रॉइंग बोर्ड घरून आणायचा, एसटीत तो उभा धरला तर कंडक्टर बोलतो. मुलींसाठी संडास-बाथरूम खाली घरात आहे, काकू चहा देतात, १२ वाजता, न मागता.

पाचपैकी द्यायचे तर पहिल्या महिन्याला पाच, रंगाला चार, किटला शून्य, कॉम्प्युटरला एक तो पण त्या मुलाच्या स्वभावाला. सरांना विचारा, फक्त पहिले दोन महिने घेता येतात का म्हणून, मला त्यांनी नाही म्हटलं होतं पण माझ्या मागच्या बॅचच्या एकीला १६०० मध्ये घेतलं, त्यामुळे घासाघीस होते. किट नको म्हणून स्पष्ट सांगा, जबरदस्ती नाही. आणि पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, पण फोन करूनच जा, सोयाबीन उशिरा निघालं तर सर स्वतःच वावरात असतात.